कळीचा चुना आणि ऋण चिन्ह

संपादकांचा फोन आला. "मॅडम, दिवाळी अंकासाठी अध्यापनातल्या काही गोड आठवणी लिहा." मी म्हटलं, गोड पाहिजे असेल तर हलवायाकडून लिहून घ्या. ते हसले. मी काही विनोद केला नव्हता.

तरी लिहायला बसले आहे, कारण माझ्या निवृत्तीच्या समारंभात एका पाहुण्यांनी जे सांगितलं ते अजून घशात अडकलं आहे. "मॅडमनी या जिल्ह्याला डॉक्टर दिले," असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मी कुणाला डॉक्टर दिलेला नाही. जे झाले ते क्लासमुळे झाले, असं त्यांच्याच आईवडिलांनी चौकाचौकात फलक लावून जाहीर केलं आहे. त्या मुलांची नावं फक्त आमच्या पटावर होती. मी ती नावं वाचायचे, रिकाम्या बाकांकडे बघायचे आणि प्रयोगशाळेचं कुलूप गंजू नये म्हणून अधूनमधून उघडायचे. शाल मात्र घेतली. थंडीत उपयोगी पडते.

नंदुरबारच्या एका ज्युनियर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचे. त्यातलं माझं लाडकं प्रकरण एन्ट्रॉपीचं. ज्यांचा विज्ञानाशी संबंध दहावीला तुटला त्यांनी घाबरू नये, सांगते. द्रव्याला आणि ऊर्जेला पसरायला किती वाटा मोकळ्या आहेत, त्याचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. पुस्तकं तिला 'अव्यवस्था' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, कारण तो उच्चारला की मुलं वर्गाकडे बघून हसतात आणि विषय तिथेच संपतो.

माझं काम आमच्या गावच्या मिरचीने सोपं केलं होतं. कॉलेजच्या मागच्या अंगाला पथाऱ्या, म्हणजे मिरची वाळवायची मोकळी मैदानं. हंगामात सगळी जमीन लाल. वारा फिरला की खिडकीतून खकाणा, म्हणजे मिरचीची तिखट धूळ, आत यायचा आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळे खोकायला लागायचे. मी खडू खाली ठेवायचे. "पथारीवरचा खकाणा आपण होऊन वर्गात आला. आता आपण होऊन पथारीवर परत जाईल का?" मुलं खोकत खोकत नाही म्हणायची. एवढं कळलं की निम्मं प्रकरण झालं.

उरलेलं निम्मं भाकिताचं. फळ्यावर एक अभिक्रिया लिहिलेली असते. ती न करता, नुसती बघून सांगायचं की एन्ट्रॉपी वाढेल की कमी होईल, चिन्ह धन की ऋण. घन पदार्थातले कण जागच्या जागी बांधलेले असतात, द्रवातले फिरतात, वायूतले कुणाला जुमानत नाहीत. डावीकडे काय होतं आणि उजवीकडे काय झालं, ते ताडून बघायचं. वायू नव्याने जन्माला आला तर बहुधा वाढली, वायू पकडला गेला तर कमी झाली. क्लासवाल्यांनी याचं दोन शब्दांचं सूत्र केलं आहे: वायू मोजा. सूत्र वाईट नाही, बहुतेक वेळा चालतं. पण मी मुलांना आधी दोन गोष्टी विचारायचे. प्रत्येक पदार्थापुढे कंसात जे अक्षर असतं ते वाचलं का, तो घन आहे, द्रव आहे, वायू आहे की पाण्यात विरघळलेला? आणि विचारणारा कोणाची एन्ट्रॉपी विचारतो आहे, अभिक्रियेची की तिच्या आजूबाजूची? "कोणाची? कोणाची?" मी इतक्या वेळा ओरडायचे की मुलांनी माझं नाव 'कोणाची मॅडम' ठेवलं होतं. त्यांना वाटायचं मला माहीत नाही.

एकदा वर्गात विचारलं, "युरिया पाण्यात टाकला की काय होतं?"

पुढच्या बाकावरून उत्तर आलं, "विरघळतो."

मागून एक मुलगी म्हणाली, "बादली गार पडते, मॅडम. हिवाळ्यात तर हात घालवत नाही."

ही आरती पाटील. धानोऱ्याहून एसटीने यायची. घरी पपईची बाग, आणि घरचा बराचसा घोळ, म्हणजे खतं-औषधं पाण्यात कालवायचं काम, तिच्याकडे.

"मग ती उष्णता गेली कुठे?"

"युरियानी घेतली. पाण्याकडून."

"कशाला? आपण होऊन गार व्हायला पाण्याला काय पडलंय?"

विचार करताना मुलांच्या तोंडून घरची भाषा निघते, तशी तिची अहिराणी निघाली. "युरियाले पसरानं शे ना, मॅडम."

वर्ग फिदीफिदी हसला. मी म्हटलं, "हसा. पण याच्यापेक्षा बरं वाक्य ज्याला सुचेल त्याने उभं राहावं. मराठीत सांगा, इंग्रजीत सांगा." उष्णता खर्च करूनही जे घडतं ते पसरण्याच्या ओढीने घडतं, हे मी कॉलेजात शिकले ते पाठ करून. ही मुलगी बादलीत हात घालून शिकली होती. त्या दिवशी मी खरोखर खूश होऊन घरी गेले.

आरतीला डॉक्टर व्हायचं होतं. बारावीला उत्तम गुण पडले, पण प्रवेश परीक्षेत थोडक्यात हुकली. ती परीक्षा क्लासशिवाय देणं म्हणजे ज्या शर्यतीत बाकीचे मोटरसायकलवर आहेत तिथे पायी पळणं. आणखी एक वर्ष थांबून, क्लास लावून परत बसायचं, एवढाच मार्ग होता. तेवढ्यात एका मोठ्या क्लासने गावात शाखा काढली आणि जाहिरात केली: चाचणी घेऊ, जो पहिला येईल त्याचं शहरातल्या मुख्य शाखेत पुढचं वर्ष पूर्ण फुकट, वसतिगृह धरून. जागा एकच.

तिचे वडील सुकलाल आप्पा मला भेटायला आले. सरळ माणूस, स्वच्छ पांढरे कपडे, टोपी गुडघ्यावर. म्हणाले, "मॅडम, फुकट व्हयनं ते धाडसू. नही ते करी ली बी. ए. मंग पाहुना देखसूत."

पाहुणा म्हणजे स्थळ. मी म्हटलं, "आप्पा, पोऱ्याले ते इंजिनियरिंगले धाडं ना तुम्हीन?"

"ते येगळं शे," ते म्हणाले. काय वेगळं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मुलाच्या वेळी हात मोकळा आणि मुलीच्या वेळी मूठ बंद, हा नियम घरोघरी पाठ असतो. तो कुणी कधी चुकवत नाही.

चाचणी आमच्याच कॉलेजात झाली. हॉल आमचा, बाकं आमची, म्हणून प्राचार्यांनी ठरवलं की निरीक्षकही आमचाच असावा, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. दोन दिवसांनी क्लासचे शाखाप्रमुख भामरे सर स्टाफरूममध्ये आले. हातात उत्तरसूची आणि तयार निकाल. "काही नाही मॅडम, निरीक्षक म्हणून फक्त एक सही."

मी चष्मा लावला. ते म्हणाले, "वाचताय कशाला? आमच्या तज्ज्ञांनी केलीये." रसायनशास्त्राच्या शिक्षकाने न वाचता सही करायची तर मग शिपायाने काय वाईट केलं होतं? मी वाचत गेले आणि एका प्रश्नाशी थांबले. कळीचा चुना पाण्यात टाकला, तर या अभिक्रियेत एन्ट्रॉपीचं काय होतं? सूचीत उत्तर होतं, वाढते. पुढे कारण होतं, उष्णता बाहेर पडते म्हणून.

हे साफ चूक होतं. कळीचा चुना घन. पाणी द्रव. दोघं मिळून होतो तो विरलेला चुना, तोही घन. जे पाणी मोकळं फिरत होतं ते चुन्याच्या आत बांधलं गेलं. एन्ट्रॉपी कमी होते. उष्णता बाहेर पडते खरी, आणि तिच्यामुळे आजूबाजूची एन्ट्रॉपी इतकी वाढते की सगळ्याचा हिशेब जुळतो आणि अभिक्रिया घडते. पण प्रश्न आजूबाजूचा नव्हता. 'या अभिक्रियेत' असं स्पष्ट लिहिलं होतं.

मी म्हटलं, "सर, उत्तर चुकलंय. कोणाची एन्ट्रॉपी, ते वाचा."

भामरे सरांनी निकालाच्या कागदावर नजर टाकली आणि मिश्कील हसले. "मॅडम, हे बदललं तर पहिला नंबर बदलतो. पहिली कोण आहे माहितीये? तुमची आरती. तिने 'वाढते' लिहिलंय. दुसरा यश, त्याने 'कमी होते' लिहिलंय. सांगा, काय करू?"

यश मिरचीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा मुलगा. अभ्यासू, गुणी पोरगा, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आरतीने असं का लिहिलं ते मला त्याच क्षणी कळलं. पपईच्या खोडांना पावसाळ्यापूर्वी बोर्डो मलम लावतात, बुरशी धरू नये म्हणून. त्यासाठी मोरचूद लागतो आणि ताजा विरवलेला चुना लागतो. हे काम तिने लहानपणापासून केलेलं. पाण्यात ढेकूळ टाकलं की ते तडकतं, फुटतं, पाणी खदखदतं, वाफेचा लोट उठतो, आणि दगडासारख्या ढेकळाची भुकटी होते. हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो 'कमी होते' कसं लिहील? ती वाफ बादलीतल्या जास्तीच्या पाण्याची असते, ती अभिक्रियेच्या हिशेबात धरायची नसते. पण डोळ्यांना हिशेब कळत नाही, वाफ दिसते. आणि प्रश्न शब्दांत विचारला होता. कंसातली अक्षरं दिलीच नव्हती. ज्याने जन्मात चुना पाहिला नाही, त्याने कागदावरचे वायू मोजले, सापडले नाहीत, आणि बरोबर उत्तर लिहिलं.

मी म्हटलं, "प्रश्नच रद्द करा. अर्धवट विचारलाय."

"रद्द केला तर दोघं बरोबरीत येतात. आणि जागा एक आहे." भामरे सर खुर्चीत मागे रेलले. "एक तर आमची सूची, नाही तर तुमची. तुम्ही म्हणाल ती. सही तर तुमचीच लागणार आहे."

"दोन जागा द्या."

"वरती विचारून बघू." आपल्याकडे 'बघू'चा अर्थ सगळ्यांना कळतो.

त्या माणसाचा मला आजही संताप येतो. चूक त्याच्या तज्ज्ञांची, आखडता हात त्याच्या क्लासचा, आणि पेन माझ्या हातात. ती सूची तशीच राहू दिली असती तर कुणाला कळलंही नसतं. यशचं काही अडणार नव्हतं, त्याचे वडील त्याला कुठेही पाठवू शकत होते. हे सगळं मला तेव्हा, त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळत होतं. मागाहून सुचलेलं शहाणपण नाही हे. पण मी जन्मभर फळ्यापुढे उभं राहून ओरडले होते की चिन्ह चेहरा बघून बदलत नाही. मी 'वाढते' खोडलं, 'कमी होते' लिहिलं आणि सही केली.

आठवड्याभरात चौकात फलक लागला. यशचा हसरा फोटो, शेजारी भामरे सर, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'पारदर्शक निकालाची परंपरा'. शाखा काढून वर्ष झालं नव्हतं, परंपरा कुठली! यशचे वडील पेढ्यांचा डबा घेऊन आले. हात जोडून म्हणाले, "मॅडमजी, अशी इमानदारी आता बघायला मिलत नाही." मनापासून म्हणाले, हाच तर त्रास. शेजारी यश खाली मान घालून उभा होता. जाताना हळूच म्हणाला, "मॅडम, मला तर चुना कसा असतो तेही माहीत नाही. वायू नव्हता म्हणून ऋण लिहिलं." डबा स्टाफरूममध्ये फिरला. पेढा तोंडात टाकत एक सहकारी म्हणाले, मॅडमनी स्वतःच्याच मुलीला चुना लावला. सगळे हसले. पेढे चांगले होते म्हणतात, मी खाल्ले नाहीत.

मग आरती आली, दाखला न्यायला. बरोबर आप्पा. ती दारात थांबली, आप्पा आत आले. टोपी या वेळी डोक्यावरच होती.

"मॅडम, पोर सांगस का तुम्हीनच उत्तर बदलं. खरं शे का?"

"खरं शे, आप्पा. पहिलं उत्तर चुकेल व्हतं."

"चुकेल कसं? मी सोता देखेल शे. चुनामा पानी टाकं का वाफ निंघस, फुटस, अंगवर उडस. हाई वाढनं का कमी व्हयनं?"

मी त्यांना समजावून सांगितलं. अहिराणीत सांगितलं. मोकळं पाणी चुन्यात कसं अडकतं, वाफ कोणाची, उष्णता कोणाची. इतकं सोपं करून मी कुठल्या वर्गात शिकवलं नसेल. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच मान हलवली, म्हणजे त्यांना कळलंही.

मग म्हणाले, "व्हई. तुम्हनं खरं व्हई. पन तुम्हनं खरं आम्हले कितलामा पडनं, ते मोजं का तुम्हीन?"

मला राग आला. त्यांचा आला, कारण मोजायचं तर त्यांनीही मोजायला हवं होतं. मी म्हटलं, "मंग तुम्हीन धाडा ना तिले. पोऱ्याले धाडं तसं."

"ते येगळं शे," आप्पा म्हणाले.

दारातून आरती म्हणाली, "चाल ना, आप्पा. एसटी जाई." दोघं गेले. तिने माझ्याकडे बघितलं की नाही, ते मी सांगू शकत नाही, कारण मी दाखल्याच्या शिक्क्याकडे बघत होते.

दुसरी जागा काही आली नाही. भामरे सरांची मोठ्या शाखेवर बदली झाली, बढतीवर. यशला पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला, त्याचाही फलक लागला. आरतीने बी. ए.ला नाव घातलं. विषय भूगोल. मी पुढेही ते प्रकरण शिकवत राहिले, पण चुन्याचं उदाहरण वगळून. खकाणा आला की खिडक्या लावून घ्यायचे. नंतर नंतर वर्गात खोकायलाही कुणी उरलं नाही. सगळे क्लासला.

मी निवृत्त झाले त्या वर्षी तिची लग्नपत्रिका आली. आप्पा स्वतः घेऊन आले होते. मान द्यायला ही माणसं कधी चुकत नाहीत. लग्नाच्या दिवशी माझी आधीच ठरलेली अडचण होती, म्हणून चार दिवस अगोदर धानोऱ्याला जाऊन आले. लग्नाआधी घराला पांढरा हात मारायचा असतो. अंगणात कापलेल्या पिंपात चुना विरवणं चाललं होतं, आणि विरवत होती आरतीच.

"नवरीला हे काम लावलंय?" मी विचारलं.

"दुसऱ्या कुणाला अंदाज येत नाही, मॅडम. पाणी कमी-जास्त करतात." तिने ओढणी नाकावर घेतली, ढेकूळ पाण्यात सोडलं आणि सवयीने एक पाऊल मागे झाली. पाणी खदखदलं. वाफ उसळून तिच्या चेहऱ्याआड आली.

वाफेच्या पलीकडून ती म्हणाली, "कमी होते ना?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "हो. कमी होते."

"कोणाची ते आधी विचारायचं असतं. तुम्ही वर्गात इतकं सांगायच्या. मीच तेव्हा विचारलं नाही."

म्हणजे इतकी वर्षं ती चूक तिने स्वतःच्या नावावर लिहून ठेवली होती. मला रडू आलं. मी म्हटलं, "आरती, प्रश्नात कंस दिले नव्हते गं."

तिने दुसरं ढेकूळ उचललं.

"मागे सरका, मॅडम," ती म्हणाली, "अंगावर उडतं."

मी मागे सरकले.